एक्क्याण्णव

घणसोली, रात्री दीड.
कॅबिनेटची बाजू काढून ठेवलेली,
टेबल फॅन आत तोंड खुपसून.

तीन पॉइंट आठ. चालला.
तीन पॉइंट नऊ. चालला.
व्होल्टेज केसभर वाढवलं,
तरी चारवर स्क्रीन निळी पडली.

पुन्हा. आणखी केसभर.

सेकंड शिफ्टवरून बाबा आले,
रबाळ्याच्या बॉयलरचा वास अंगाला.
डबा मोरीत ठेवून वाकले.
"किती डिग्री?"
"एक्क्याण्णव."
"कंपनीनं किती सांगितलंय?"

मी गप्प.

त्यांनी पत्र्यावर उलटा हात ठेवला,
ताप बघतात तसा.
"स्वस्तातला आहे
म्हणून इतका पिळायचा?"

एक पायरी खाली आलो.
गेममधली गाडी घाटात जराशी अडखळली.
बाबा खुर्ची ओढून बसले,
बूट न काढताच.
"हं. चालव."