त्रेचाळीस

त्रेचाळीस, म्हणाले धाक्रस सर
नाटे तिठ्यावर, एस्टीच्या पायरीवर उभे राहून,
एकेका डोक्यावर हवेतच बोट टेकवत.
पूर्णगडच्या पुलाआधी पुन्हा त्रेचाळीस.
पावसला इस्माईल ओकला म्हणून थांबलो,
तेव्हा तो धरून.
भाट्याच्या पुलावर वारा आत घुसला
नि यादी सरांच्या हातातून सुटून खाडीत गेली.
जाऊ दे, म्हणाले. आकडा पाठ आहे.

रत्नागिरीत जादूचे प्रयोग लागले होते,
विद्यार्थ्यांना अर्धं तिकीट.
शाळेच्या वहीत सरांनी लिहिलं होतं: विज्ञान सहल.

उठलं की आपोआप मिटणारी खुर्ची
आम्ही तोवर पाहिली नव्हती.
दत्ता गावखडकर तीनदा उठला, तीनदा बसला,
त्याच्यापुरती जादू तिथेच सुरू झाली.
मग पडदा, मग धूर,
मग निळ्या झग्यातली बाई करवतीनं कापली
आणि ती हसत होती, कापली जाताना,
फोटोवाल्यानं सांगितल्यासारखी.

आता एक धीट मुलगी पाहिजे, जादूगार म्हणाला.
आम्ही सगळ्यांनी गृहपाठ तपासणीसारख्या माना खाली घातल्या.
उठली कोण, तर हेमांगी तांडेल!
जी वर्गात हजेरीपुरतं बोलते,
जी पहाटे जेटीवर आईबरोबर पाट्या वाहून
पहिल्या तासाला डुलक्या काढते,
ती चपला बाकाखाली ठेवून
देवळात चढावं तशी अनवाणी स्टेजवर गेली.

पेटी काळी. वर चांदण्या चिकटवलेल्या,
त्यातली एक अर्धी सुटून लोंबत होती.
झाकण लावलं. काठी फिरवली. झाकण उघडलं.
आत नुसतं लाल कापड.

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या.
सरांच्या शेजारी मी होतो.
त्यांचे ओठ हलले: बेचाळीस.
ते उभे राहिले, मागे खुर्ची थाडकन मिटली,
नि मागचा कोणीतरी ओरडला, ओ मास्तर, बसा खाली.
बसले नाहीत.
जादूगारानं कबुतरं काढली, रुमाल काढले,
कोंबडीवर एक लांबलचक विनोद केला.
सर घड्याळ बघत होते.

मग आमच्या पाठीमागून, दरवाजाच्या अंधारातून,
सर, मी हकडं हाय.

परतताना एस्टीत सगळे तिच्यावर तुटून पडले.
खाली भोक होतं? आरसा होता? गुदमरलीस?
सांगायचा नाय म्हनालेत, एवढंच ती बोलली
आणि वडापावच्या तेलकट कागदाची
बारीक बारीक घडी घालत बसली.
दिवे मागे पडले. पोरं झोपली.
पूर्णगडच्या पुलावर
खाली खाडी आहे हे फक्त वासावरून कळत होतं,
तेव्हा काचेकडे बघत ती म्हणाली,
मला नाही, पण मी जागा होतो:

ती निळ्या झग्यातली बाय होती मागं.
कापलेली ती.
पोराला दहीभात भरवत होती.
मला म्हनाली, बस गो,
अजून दोन मिन्टं हायत तुजी.
मी बसले.
कोनी काय काम नाय सांगितलान.

तिठ्यावर तिचा भाऊ बॅटरी घेऊन उभा होता.
सरांनी एकेकाला उतरवत मोजलं, त्रेचाळीस,
आणि रिकाम्या एस्टीत चढून
बाकांखाली पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

सोमवारी अहवाल लिहायचा होता,
साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष.
आम्ही आरशांच्या आकृत्या काढल्या, खोट्या.
वह्या वाटायचं काम माझं, म्हणून तिची पाहिली.
साहित्य: पेटी.
कृती: बसले. वेळ दोन मिनिटे.
पुढची पानं कोरी.

सरांनी बाकी काही विचारलं नव्हतं.
फक्त लाल शाईनं 'दोन' खोडून
वर 'चार' लिहिलं होतं,
आणि खाली सही.