दृश्यता

दर अर्ध्या तासाला गच्चीवर जायचं
आणि दिसेल ते लिहायचं,
सोनेगावच्या हवामान कार्यालयात एवढीच नोकरी होती माझी.
चिंच दिसली तर तीनशे मीटर.
रडारचा खांब दिसला तर आठशे.
शिवणगावच्या टाकीवरचा तांबडा दिवा दिसला
तर पंधराशे.

जानेवारीतल्या त्या पहाटे, सव्वासहाच्या फेरीला
मला दिवा दिसला.
दिसला म्हणजे
धुक्यातली एक जागा
बाकीच्या जागांपेक्षा जराशी लाल होती.
मी पंधराशे लिहिलं.
टॉवरमधून पिंपळापुऱ्यांनी तो आकडा वर कळवला,
वरून एका बाईचा आवाज आला:
पंधराशे, समजलं.

चहा बशीत ओतला होता.
विमानाचा आवाज आला, जवळ आला,
आणि जिथे तो मोठा व्हायला हवा
तिथेच संपला.

फागो उईके पहिला पोचला. म्हशींना चारा कापायला निघाला होता.
चौकशीत म्हणाला,
"मले वाटलं रेतीचा ट्रक पलटला.
मंग पाह्यलं तं हरभऱ्यात खुर्च्या होत्या.
रांगेनं.
एकीचा पट्टा सुटे ना,
म्या इळ्यानं कापला."
किती वाजले होते, साहेबांनी विचारलं.
"अंधार सरला होता."
हे त्यांनी टंकून घेतलं नाही.

मला विचारलं, दिवा दिसला होता?
हो, म्हणालो.
दिवा चालूच होता, टाकीच्या चौकीदाराची तशी साक्ष होती.
अहवालात माझ्या वाट्याला दोन शब्द आले:
निरीक्षण नियमानुसार.
दोष उंचीचा निघाला, म्हणजे त्या बाईंचा,
ज्यांना काही सांगता येणार नव्हतं.

अकरा वर्षं रोज त्या दिव्याकडे बघत होतो मी.
इतकी वर्षं पाहिलेली वस्तू
जागेवर नसली तरी डोळा ती तिथे ठेवून देतो.
हे मला कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

हरभरा घाट्यांवर आला होता तेव्हा.
जळताना वास तोच येत होता,
शेकोटीवर भाजताना येतो तो.
त्यात आणखी एक होता.
नोंद मी फक्त हरभऱ्याचीच करतो.

परवा मोतीबिंदू काढल्यावर
धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी तक्त्यासमोर बसवलं.
शेवटची ओळ मी घडाघडा वाचली.
त्या हसून म्हणाल्या,
काका, दिसतंय की पाठ आहे?

बाहेर हातगाडीवर घाटे भाजत होते,
लोक फुंकर मारून सोलत होते.
घेऊ का बाबा, मुलीने विचारलं.
मी पलीकडच्या औषधांच्या दुकानाची पाटी बघत राहिलो,
एकेक अक्षर, सावकाश, दोनदा.
रस्ता धरून वीस मीटर असेल.
तेवढं दिसत होतं.