विनंती थांबा

सव्वापाचला लामार सोडते
तेव्हा मागे बावन्न सीटा आणि पुढे मी.
काचेवर आतून हिमाचा पापुद्रा,
तो क्रेडिट कार्डाने खरवडते.
त्या कार्डाला आता तेवढंच काम उरलंय.

आधी शाळेची बस होती माझ्याकडे.
मग शाळेत अकरा पोरं राहिली.
मग शाळाच चाळीस मैलांवरच्या शाळेत नांदायला गेली,
आडनाव बदलून.
मी राज्याच्या बसवर आले.

नदी आधी डावीकडे असते, नंतर उजवीकडे.
अंधारात मला कधी दिसलेली नाही.
कॉटनवुडची झाडं जिथे ओळीने उभी,
तिथे ती असणार, असं धरून चालवते.

लास ॲनिमासच्या पंपावर, बर्फाच्या पेटीशेजारी,
ओपल हेंडरशॉट उभी असते.
मंगळ, गुरू, शनी.
तीन ग्रह मागे लागलेत, आणि तिन्ही पुएब्लोला राहतात.
रक्त धुवायला चाललेय, म्हणते,
शेजारणीला कपड्यांचं सांगावं तसं.
भाडं सुट्या नाण्यांत. माझ्यामागची पहिली सीट.
मग ती दिवे मोजते.
रस्त्यालगतच्या घरांतले, उठलेल्या माणसांचे.
नाताळात सतरा होते.
मार्चमध्ये म्हणाली, सोळा,
आणि ला हुंटा येईपर्यंत गप्प बसली.

त्या गुरुवारी डेन्व्हरहून खात्याचा माणूस आला होता.
गळ्यात ओळखपत्र, मांडीवर टॅब्लेट,
थांबा आला की मान वर करून डोकी मोजायचा.
सरासरी चार पॉइंट तीन, म्हणाला.
मी विचारलं, तो पॉइंट तीन कुठे बसतो?
हसला. वाईट नव्हता.
रात्री मोटेलचा हीटर बंद होता म्हणे, नाक गळत होतं त्याचं.
तिकिटांतून डिझेलसुद्धा निघत नाही, म्हणाला,
बाकीचं राज्य भरतं.
ते मला ठाऊक आहे.
भरलेली सीट माणूस आपल्या पैशांनी घेतो.
रिकामी मात्र कुणीतरी घेऊन ठेवावी लागते,
चुलीवर झाकून ठेवलेल्या ताटासारखी,
येणाऱ्याचा नेम नसतो म्हणून.
हे त्याला बोलले नाही. गिअर बदलत होते.

पंपावर बर्फाची पेटी होती.
ओपल नव्हती.
नियमात दोन मिनिटं बसतात.
मी पाच थांबले, दार उघडं टाकून,
गारठा आत आला, मागे कुणीतरी खोकलं.
त्याने घड्याळ पाहिलं, काही बोलला नाही,
आणि टॅब्लेटवर शून्य लिहिलं.

तेवढ्यात पंपाच्या दुकानातून एक पोरगा धावत आला.
हातात जाळीची पिशवी, आतलं सगळं दिसणारी:
साबण, पत्रं, एक चष्मा.
पायात पांढरे बूट, कोरे,
अजून कुठेही न गेलेले.
कालच सुटला असणार.
रात्र कॉफीच्या यंत्राजवळ काढलेली,
डोळ्यांवरून कळत होतं.
त्याने कुपन दिलं आणि पहिल्या सीटपाशी पोचला.

ती नको, मी म्हटलं.
पोरगा जागच्या जागी थिजला, दोन्ही हात दिसतील असे धरून.
सवय असते ती. माझ्या पोटात कालवलं.
कुणाची आहे, बाई? त्याने विचारलं.
काय सांगणार होते?
राज्याची, मी म्हटलं. बस.
मागून खात्याच्या माणसाने शून्य खोडल्याचं
मला आरशात दिसलं.

ला हुंटा गेलं. रॉकी फोर्ड गेलं,
खरबुजांची शेतं हिमाखाली सपाट पडलेली.
पोरगा काचेला कपाळ टेकून होता, झोपलाय असं मला वाटलं.
फाऊलरच्या अलीकडे म्हणाला,
दिवे लागलेत.

मोज, मी म्हटलं.
उजाडायला अजून वीस मिनिटं होती.