तिसरा गिअर

नोटा मोजून झाल्या तरी देसान्काने
किल्ली मुठीतच ठेवली.
ऐकून घे, म्हणाली,
तिसरा गिअर हट्टी आहे,
मनगटाने नाही, खांद्याने टाकायचा.
झ्लातिबोरचा चढ लागला की हीटर लाव,
भर ऑगस्टातसुद्धा. तू उकडशील, इंजिन निवेल.
डावं दार आतून उघडत नाही,
काच खाली घे, हात बाहेर काढ.
मागच्या सीटवर आलुबुखारांचा डाग आहे,
एकाहत्तर सालचा.
धुवू नकोस.
म्हणजे, धुतलास तरी जात नाही.

पोरगा नुसता हो हो करत होता.

फिचा वळणाआड गेली.
आवाज मात्र उझित्सेच्या टेकड्यांत
बराच वेळ ऐकू येत राहिला,
पहिला, दुसरा,
मग खरखर.

फाटकाशी उभ्या देसान्काचा खांदा
आपोआप पुढे झाला.