काल म्हणजे पाव

शनिवारी मुलं पांगल्यावर
आम्ही चौघं तिसऱ्या मजल्यावर बसलो,
बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीपर्यंत आलेले.
अँटॉप हिलची ही एकच इमारत,
एकच घंटा, एकच पाण्याची टाकी,
मुख्याध्यापक मात्र चार.
मराठीची मी. उर्दूच्या शाहीन मुकादम.
तेलुगूचे अंजय्या गुंडेटी. तमिळच्या सेल्वाकनी बाई.

नऊ वर्षं आम्ही भांडत आलो
मैदानाच्या तासावरून,
जिन्याखालच्या खोलीच्या किल्लीवरून,
उरलेल्या तांदळाची गोणी कोणाच्या नावावर, यावरून.
शिकवण्यावरून एकदाही नाही.
त्यासाठी एकमेकांच्या वर्गात पाय टाकावा लागतो.

वरून पत्र होतं: सामायिक वार्षिक नियोजन,
नमुना ब, दोन प्रतींत, छायाचित्रासह.
छायाचित्र आधी उरकलं.
सगळे कागदाकडे वाकून बघतोय.
कागद कोरा.

उठणार, तेवढ्यात मुकादम बाईंनी
पिशवीतून चाचणीच्या वह्या काढल्या, पाचवीच्या.
"सत्तावीस मुलं. त्यातल्या बावीस जणांनी
एक छेद चार हा एक छेद दोनपेक्षा मोठा ठरवलाय.
चार मोठे ना दोनापेक्षा! बोला आता."

कोणी बोललं नाही.
गुंडेटी सर खाली गेले, आपला गठ्ठा घेऊन आले.
सेल्वाकनी बाईंनी कपाट उघडलं.
माझ्या अकराच वह्या. पटच तेवढा.
खाली सतरंजीवर मांडल्या सगळ्या:
चार लिप्या,
आणि चूक तीच, त्याच जागी,
एकाच टाकीतून चार नळांना आल्यासारखी.

मी म्हटलं, माझ्या पोरांना पाऊण तास कळतो,
सव्वा रुपया, दीड वडा, अडीच घर चालणारा घोडा.
तीन छेद चार लिहिलं की डोळे पांढरे.
"आमच्यातही पौन बाजारात असतो," मुकादम बाई,
"वर्गाच्या दारात चपलांबरोबर राहतो."
गुंडेटी सर बोटांवर म्हणाले: पावु, अर, मुप्पावु.
सेल्वाकनी बाईंनी फळ्यावर लिहिलं,
आमच्यासाठी नागरीत, ऱ्हस्व-दीर्घ जपत:
काल, अरै, मुक्काल.

"काल?" मी हसले. "आमच्यात होऊन गेलेला दिवस."
"आमच्यात पाव," त्या म्हणाल्या.
"आणि हा पायसुद्धा."

मग कागद भरू लागला.
ऑगस्ट, दुसरा आठवडा, चारही माध्यमं, एकच दिवस.
आधी घरातला शब्द, मग घडी घातलेला कागद,
आडवी रेघ सगळ्यात शेवटी.
तास मुकादम बाईंचा, मागच्या बाकावर मी.
माझा तास गुंडेटी सर बघणार.
इथे पोटात खड्डा पडला.
एकतीस वर्षांत माझा तास
ज्यांनी पाहिला, ते तपासायलाच आलेले.
"शेरा नाही लिहिणार," सर म्हणाले,
"मला फक्त दीड बघायचाय, तुम्ही कसा सांगता."

नमुना ब मध्ये याला रकाना नव्हता.
'इतर' खाली लिहिलं, समासात शिरून.

एकतीस जुलैला मी निवृत्त.
सांगितलं तसं.
सेल्वाकनी बाईंनी माझ्या नावावरून
पेन पुन्हा एकदा फिरवलं.
"बाक रिकामाच असतो मागचा," म्हणाल्या.
"पास काढा आणि या."

नारकर शिपाई किल्ल्या वाजवत दारात.
"फळा पुसू?"
"सोमवारपर्यंत राहू दे."

जिना उतरताना पायऱ्या मोजल्या गेल्या, सवयीनं.
पाऊण जिन्यावर थांबले जरा.
गुडघ्यासाठी.