कडेवरचा बांध

पाटोच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर
मी नद्या कापते.
कातर नाही, चौकट आहे:
चार आकडे. डावा, उजवा, वरचा, खालचा.
बाहेर पडतं ते पडत नाही कुठेच,
फक्त काढलं जात नाही.

प्रत्येक टोकाला आधी विचारायचं, तू कुठे आहेस?
डावीकडे बाहेर असेल तर एक, नसेल तर शून्य.
उजवीकडे, वर, खाली, तसंच.
चारही शून्यं असलेली घरातली.
दोन्ही टोकं एकाच बाजूला बाहेर,
म्हणजे ती रेघ आपली नव्हेच,
तिच्यावर भागाकार वाया घालवू नये.
उरतात त्या, एक पाय आत, एक बाहेर.
त्यांचा छेद काढावा लागतो,
दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत.
(मी रोज चोडणहून फेरीने येते.
माझा कोड विचारू नका.)

रेघ कापली की संपते.
आकृतीचं तसं नाही. ती मिटलेली लागते,
उघडी राहिली तर रंग सांडतो.
म्हणून प्रोग्राम कापल्या जागी
चौकटीच्या कडेनेच रेघ ओढतो
आणि तोंड शिवून टाकतो.
खाडीचे दोन तुकडे झाले तरी
शून्य रुंदीच्या पुलाने
ते एकमेकांना धरून असतात.

हे मला माहीत होतं. सुकडो मानशीकाराला नव्हतं.
तो गुरुवारी आला, शीट सतरा घेऊन.
टेबलावर पसरली. तीन कोपऱ्यांवर
माझा स्टेपलर, माझा डबा, त्याचा चष्मा.
चौथा अंगठ्याने दाबला.
खाजणाच्या उगवतीला बोट ठेवून म्हणाला,
"बाय, हो बांद कोणें घालो?"

दक्षिणोत्तर, दोरी धरल्यासारखा,
जाड काळा.
म्हणाला, इतका सरळ बांध पाणी धरत नाही,
पहिल्याच उधाणाला बसेल.
चिखल कुठला आणला?
खेकड्यांची बिळं कोण बुजवणार?
आणि पलीकडे माझी मानस होती, ती?

ती शीट अठरावर, म्हटलं.

"आणि पाणी?"

तो गेल्यावर मी दोन कामं वेगळी केली.
रंग भरायचा तो मिटलेल्या आकृतीत, शिवणीसकट.
काठ काढायचा तो मूळच्या रेघांचा.
त्या रेघा म्हणूनच कापायच्या
आणि संपतील तिथे संपू द्यायच्या.
अकरा ओळींचा बदल.
चोपन्न शीटं पुन्हा छापली,
साहेबांनी कागदाचा हिशेब मागितला.

आता शीट सतरावर खाजण कडेशी येतं
आणि तिथे काठ नसतो.
निळा रंग नुसता थांबतो,
बोलता बोलता कुणी दाराकडे बघावं तसा.

संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावरून फेरी सुटते.
मधोमध कुठेतरी तेवीस संपून सतरा लागते.
मी लक्ष ठेवून असते.
एक स्कूटर स्टँडवरून कलंडते,
कुणीतरी ती धरतो.