उतरवताना

चढवलं होतं मंगळवारी, भरदुपारी,
चहा पीत, एका हाताने.
उतरवायला मात्र शनिवारची रात्र निवडली,
दोन वाजून दहा.
कंपूकडे धुकं इतकं की
रक्तपेढीची पाटी फाटकातूनही दिसेना.

बाहेर चार अंश, सर्व्हरच्या खोलीत अठरा.
जानेवारीत अख्ख्या ग्वाल्हेरात एवढीच खोली उबदार.
कुशवाह विचारतात, मॅडम, हीटर लावला काय?
म्हटलं, नाही हो, हा तर एसी आहे.

झालं होतं असं:
अपडेटने वर्णमालेचा क्रम जरासा हलवला.
जरासाच, कुणाच्या लक्षातही येऊ नये इतका.
क्ष, ज्ञ, श्र,
खांद्याला खांदा लावून उभी असणारी अक्षरं
आपापल्या जागेवरून सरकली,
आणि अनुक्रमणिका
जुन्याच पानावर बोट ठेवून बसून राहिली.
शुक्रवारी ओ निगेटिव्ह शोधताना
क्षिप्रा राजवाडे सापडली नाही.
होती. तिथेच होती, सोळा वेळा रक्त दिलेली.
यंत्र म्हणे, या नावाचं कुणी नाही.
कुशवाहांनी हाताने लिहिलेली वही काढली,
नंबर फिरवला,
आणि ती आली लष्करातून स्कूटीवर, मफलर गुंडाळून,
नसलेली बाई, पंचवीस मिनिटांत.

मिहिका शितोळे नवीन आहे. म्हणते,
मंगळवारची प्रतच परत ठेवू ना, दहा मिनिटांचं काम.
मी म्हणते, आणि बुधवार?
चार दिवसांच्या एकशे सदतीस नोंदी,
त्यात एक मुलगी, जिला अजून नाव नाही,
नुसतं 'रामश्रीची बेबी', बी पॉझिटिव्ह.
अपडेटला मागे न्यायचं, बाई,
दिवसांना नाही.

दृष्ट उतरवतात तसं नाही हे,
मीठमोहऱ्या ओवाळल्या, विस्तवात टाकल्या, झालं.
डोक्यावरचा हारा उतरवतात तसं आहे:
समोरच्याचे हात खाली लागलेत ना, बघायचं,
मगच मान वाकवायची.

म्हणून आधी प्रत.
मग ती प्रत दुसरीकडे उघडून बघायची,
कारण न उघडलेली प्रत ही नुसती समजूत असते.
मग जुळ्यांपैकी जो झोपलाय त्याच्यापासून सुरुवात;
जागा आहे तो सांभाळतोय घर.
झोपलेल्याचं उतरवलं, उठवला, नाडी पाहिली,
कारभार त्याच्या हाती दिला,
आणि मगच दुसऱ्याला म्हटलं, आता तू पड.

त्र्याऐंशी टक्क्यांवर ते अडकलं.
एकोणीस मिनिटं.
अशा वेळी काही न करणं हेच काम असतं
आणि तेच हातांना जमत नाही.
मिहिकाची तर्जनी रद्दच्या बटणाजवळ गेली.
मी तिच्या तळहातावर गजकचा तुकडा ठेवला.
कीबोर्डवर तीळ सांडले.
सांडू देत.

साडेतीनला दोघंही जुन्या अंगावर आले.
मग अनुक्रमणिका सगळी मोडून नव्याने बांधली,
चार दिवस भलत्या ओळीत बसलेली नावं
एकेक उठवून आपल्या जागी.
टाइप केलं: क्षि.
आली.
मग टाइप केलं: रामश्री.
तीही आली, बेबीसकट,
वजन दोन किलो सहाशे.
मोजल्या: एकशे सदतीस.
पुन्हा मोजल्या, उगाच.

मिहिका म्हणाली, सुटलो.
मी हो म्हटलं नाही.
त्या अपडेटने एक भोकही बुजवलं होतं,
ते आता पुन्हा उघडं आहे;
महिन्याभरात तेच परत चढवावं लागेल,
या वेळी अक्षरांना आधी विचारून.

बाहेर धुकं तसंच. तोमर शेगडीशी डुलक्या घेत होता.
कुशवाहांनी वही कपाटात ठेवायला म्हणून उचलली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि परत टेबलावर ठेवली.
मीही काही बोलले नाही.